वीकेण्ड, तिसगाव आणि ३८ आंबट झाडं

सुरुवात आमच्या कोथरूडच्या किचनमध्ये झाली. मामाने कुणाच्या तरी गाडीतून मोसंब्यांची गोणी पाठवली होती. स्वतःच्या बागेतली, पहिल्या बहाराची. आईने लगेच ज्यूसर काढला, चार ग्लास भरले. पहिला घोट बाबांनी घेतला आणि चेहरा असा केला, की अप्रेझलचं लेटर हातात पडलंय. मी प्यायले. डोळ्यांतून पाणी! मला वाटलं, आई साखर विसरली. मग आठवलं, मोसंबीच्या ज्यूसमध्ये आई साखर घालतच नाही.

तेवढ्यात मामाचा फोन. "कशी लागली गं?"

"साखर, दादा. अगदी साखर," आई म्हणाली. फोन ठेवून तिने उरलेला ज्यूस सिंकमध्ये ओतला. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही.

ही २०२४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. फेब्रुवारीत मी स्वतःच तिसगावला गेले. आईच्या मते मामाला भेटायला. माझा प्रायव्हेट अजेंडा वेगळा होता. माझ्या बाल्कनीत तोवर सतरा झाडं मेली होती. सतरा! मनी प्लाण्टसुद्धा, जो म्हणे बाटलीतही जगतो. अरेका पाम तर तीनदा आणला. ऑफिसमधल्या डेस्कवरचं सक्युलंट एचआरने वाढदिवसाला दिलं होतं, तेही गेलं. मामाच्या फोनमध्ये हल्ली सारखा एका नर्सरीवाल्या काकांचा उल्लेख असायचा. म्हटलं, एकदा तज्ज्ञांना दाखवावं.

पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाघोली ते शिक्रापूर जो काही वेळ जातो त्याला ड्रायव्हिंग म्हणायचं का, हा प्रश्न आहे. शिरूर ओलांडलं की मात्र गाडी सुटते. (२०२४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर; पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो.) नगरमधून पाथर्डी रस्ता धरला की डाव्या-उजव्या हाताला लक्ष ठेवा, डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. फोटोसाठी सॉल्लिड स्पॉट. मग मेहेकरी, करंजीचा घाट, आणि घाट संपून थोडं पुढे गेलं की तिसगाव.

टुरिस्ट स्पॉट वगैरे नाही हं. हायवेवरचं मोठं, बाजाराचं गाव. एक फाटा शेवगावकडे जातो. मोबाइलची दुकानं, खतांची दुकानं, वडापाव, आणि हायवेवरून सतत धडधडणारे ट्रक. मागे गर्भगिरीचे डोंगर, नाथपंथीयांची कितीतरी ठाणी याच रांगेत. इकडे वृद्धेश्वर, तिकडे मढीचे कानिफनाथ. पाऊस मात्र या भागाला नेहमीच हात राखून मिळतो. उन्हाळ्यात टँकर, आणि दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. अशा ठिकाणी माणूस झाड लावतो तेव्हा ते डेकोरेशन नसतं.

मामा बासष्ट वर्षांचे. आधी त्यांचं डाळिंब होतं. ते तेल्याने गेलं. तेल्या म्हणजे जिवाणूंमुळे येणारा रोग. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ चिरतं, आणि तो बागेत बऱ्याचदा रोपांबरोबरच येतो. बाहेरून निरोगी दिसणारी गुटी, आत पाहुणा घेऊन. डाळिंबासाठी सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे या तेल्यावर बरंच काम झालंय. पण मामाची बाग त्याआधीच मनातून उतरली होती. ती उपटली आणि २०१९ च्या पावसाळ्यात एका एकरात ११० मोसंबी लावली.

रोपं कुठून घेतली? इथे खरी स्टोरी आहे. हायवेला एक टेम्पो उभा होता. हिरवीगार, टवटवीत कलमं. परवानाधारक नर्सरीत साठ रुपयांना मिळणारं कलम इथे पंचवीसला. बिल नाही, पावती नाही. फक्त एक मोबाइल नंबर, जो पुढच्या वर्षीपासून बंद आहे.

हसू नका. आपणही सिग्नलवर गाडीची काच खाली करून कुंडी घेतोच की.

शनिवारी सकाळी मामांनी बाग दाखवली. फेब्रुवारी म्हणजे आंबे बहाराचा फुलोरा, सगळीकडे असा वास की परफ्यूमवाल्यांनी शिकवणी लावावी. मी मोबाइल काढून फोटो घेत सुटले. मामा मात्र दोन झाडांच्या मध्ये थांबले.

"हे फूल बघ. आन् हे बघ."

एका झाडाची कळी पांढरीशुभ्र. शेजारच्या झाडाची बाहेरून जांभळट, कोवळी पालवीही जांभळट झाकेची. पान चुरगळलं तर लिंबाचा वास. काटे भरपूर, आणि झाड पहिल्यापेक्षा दीडपट मोठं. खाली मागच्या बहारातली चार-दोन फळं अजून लटकत होती, पिवळी, खडबडीत, जाड सालीची.

"ही जंबेरी. मोसंबीच नाय ही."

मग मामांनी समजावलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की मोसंबीचं झाड म्हणजे दोन झाडं असतात. खाली खुंट. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचं रोप, मुळं दणकट, फळ आंबट. त्याच्या कोवळ्या खोडात मोसंबीचा एक डोळा, म्हणजे कळी, सालीत सरकवून बांधायची. डोळा फुटला की वरचा खुंट कापायचा. वर मोसंबी, खाली जंबेरी. पण डोळा मेला आणि खुंटालाच खालून फांदी फुटली, तर दिसायला रोप तितकंच हिरवं. उलट जास्तच जोमदार. टेम्पोतल्या ११० पैकी ३८ रोपं अशी निघाली.

"पाच वर्षं हीच माझी लाडकी झाडं होती," मामा म्हणाले. "सगळ्यात पटापटा वाढायची. येईल त्या पावण्याला हीच दाखवायचो."

मला एकदम आमच्या टीममधला एक माणूस आठवला, पण ते जाऊ द्या.

घरात यावरून वातावरण तापलेलंच होतं. माझ्या मामेभावाचं म्हणणं, झाडं उपटा, रस्त्यालगतचा तुकडा आहे, प्लॉट पाडा. मामीचं म्हणणं, डाळिंबाला पैसे घातले, मोसंबीला घातले, आता या वयात तिसऱ्यांदा नको. मामांना ३८ नवी कलमं लावायची होती, आणि त्यांना फळ यायला आणखी पाच वर्षं. "तवर मी सदुसष्टचा," असं ते बोलता बोलता म्हणाले आणि मोटार चालू करायला निघून गेले.

नर्सरीत गेलो ते अकराच्या सुमारास. नाव देत नाहीये, कारण काकांनीच नको म्हटलं. "पुण्याहून गाड्या यायला लागल्या तर टोमॅटोची रोपं कोण बघणार?" अर्धा एकरभर जागा. एका बाजूला शेडनेटखाली कोकोपीटच्या ट्रेमध्ये मिरची-टोमॅटो, दुसऱ्या बाजूला काळ्या पिशव्यांमध्ये फळझाडं, आणि रस्त्याच्या कडेला, शोकेसमध्ये ठेवावी तशी, शोभेची झाडं. महाराष्ट्रात फळबागा वाढल्या त्यात १९९० साली रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेचा मोठा हात आहे. काकांच्या वडिलांनी गादीवाफे घातले ते त्याच सुमारास. टेबलामागे भिंतीवर परवान्याची फ्रेम, शेजारी वृद्धेश्वराचा फोटो.

दोन तास मी एका उलट्या क्रेटवर बसून गिऱ्हाइकं बघितली. मल्टिप्लेक्सपेक्षा भारी!

एक आजी तुळस घ्यायला आल्या. पंधरा रुपये ऐकून म्हणाल्या, "तुळशीचे पैसे घेतोस व्हय?" काका म्हणाले, "तुळशीचे नाय आजी, पिशवीचे." आजींनी पिशवी परत देऊन रोप पदरात घेतलं आणि पाच रुपये ठेवले.

एक शिक्षक जोडपं. नवा बंगला बांधलेला. सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला, गोव्याच्या कुठल्याशा रिसॉर्टचा. असंच पाहिजे. पुढे हजार फूट लॉन, कडेने पाम. काकांनी नाही म्हटलं नाही. कॅल्क्युलेटर काढला. "उन्हाळ्यात मीटरला रोज पाचेक लिटर धरा. हजार फुटांला साडेचारशे लिटर. रोज. एप्रिलमध्ये तुमच्याकडे टँकर किती दिवसांनी येतो, सर?" बाईंनी सरांकडे बघितलं. शेवटी लॉन शंभर फुटांवर आलं, बाकी फरशी, एक कडुनिंब, दोन सीताफळं आणि कुंपणाला बोगनवेल. काकांचा गल्ला किती कमी झाला याचा हिशेब मी मनात केला. सेल्स टार्गेटवाल्या माणसाला तो आपोआप होतो. विचारलंही. ते म्हणाले, "जूनमध्ये लॉन वाळलं की सर गावभर सांगणार, ह्याच्याकडून घेतलं होतं. मला रोज त्याच चौकातून जायचंय."

मग आला एक तावातावाने बोलणारा तरुण. हातात वाळलेलं आंब्याचं कलम. तुमचं कलम मेलं, पैसे परत द्या. काकांनी ते उलटं केलं. मुळाशी काळी पिशवी जशीच्या तशी! पिशवीसकट पुरलं होतं. सगळे हसले, तो पण हसला. काकांनी मात्र हसता हसता दुसरं कलम अर्ध्या किमतीत दिलं आणि ब्लेडने पिशवी कशी चिरायची, मातीचा गड्डा न फोडता ती कशी काढायची, ते करून दाखवलं. "चूक त्याची," तो गेल्यावर म्हणाले, "पण सांगितलं नव्हतं मी."

माझा नंबर आला. मी सतरा मृतांची यादी वाचून दाखवली. काका डॉक्टरसारखे ऐकत होते.

"माती कसली होती कुंडीत?"

"लाल. गोळाच होता, चिकट."

"मग बरोबर."

तर फंडा असा. पुण्या-मुंबईतल्या नर्सऱ्यांमधली शोभेची बरीच झाडं वाढलेली असतात आंध्रात, राजमहेंद्रीजवळच्या कडियममध्ये. गोदावरीकाठची ही नर्सऱ्यांची गावं देशभर झाडं पाठवतात. तिथल्या चिकण मातीच्या गोळ्यात मुळं बांधली की हजार किलोमीटरच्या प्रवासात झाड सुकत नाही. प्रवासाला ती माती बेस्ट. पण आपण तो गोळा तसाच कुंडीत ठेवतो, वरून रोज प्रेमाने पाणी घालतो. गोळ्याच्या आत पाणी मुरत नाही आणि मुरलं तर निघत नाही. मुळं एकतर कोरडी राहतात नाहीतर कुजतात. वर पानं पिवळी, मग आपण आणखी पाणी घालतो! उपाय सोपा आहे. गोळा बादलीत भिजवायचा, निम्मी माती हलक्या हाताने सुटू द्यायची, आणि मोकळ्या मातीत लावायचं, भोक असलेल्या कुंडीत. माझ्या त्या पांढऱ्या, डिझायनर कुंडीला भोक आहे का? नव्हतं. तीनशे नव्व्याण्णवला घेतली होती, ऑनलाइन.

"लोक पान बघून झाड घेतात," काका म्हणाले, "मी पिशवीच्या खाली बघतो." मुळं पिशवीतून बाहेर येऊन गोल वळली असतील तर झाड म्हातारं, पिशवीत अडकलेलं. कलम असेल तर जोड शोधायचा. मोसंबीला जमिनीपासून वीतभर वर तो दिसलाच पाहिजे, आणि जोडाच्या खालून फुटवा असेल तर काढून टाकायचा. न दिसणारा जोड म्हणजे प्रश्न विचारायची वेळ. राज्यात फळरोपवाटिकांसाठी १९६९ सालचा कायदा आहे. परवाना लागतो, आणि कुठल्या खुंटावर कुठल्या झाडाचा डोळा बांधला, याची नोंद ठेवावी लागते. काकांनी रजिस्टर काढून दाखवलं. मोसंबीची मातृवृक्षं राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आणलेल्या रोपांपासून वाढवलेली. टेम्पोवाल्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

मामा इतका वेळ गप्प बसले होते. आता म्हणाले, "भाऊ, अडतीस कलमं काढून ठेवा. पावसाळ्यात लावतो."

काका म्हणाले, "नाय देत."

मामांचा चेहरा पडला. उधारीचा विषय असेल, असं मला वाटलं.

"जंबेरी उपटताय कशाला? सहा वर्षांची मुळं हायेत खाली. फुकटात आलेली. एवढा दणकट खुंट मी तुम्हाला कुठून देऊ? झाड कापा गुडघ्याच्या थोडं वर. फुटवे येऊ द्या. दिवाळीनंतर मी येतो आन् त्याच्यावर मोसंबीचे डोळे भरतो. दोन-तीन वर्षांत फळ."

"आन् डोळे नाय लागले तर?"

"लागले तेवढ्याचे पैसे."

मामांनी टोपी काढली, परत घातली. दहा वर्षं कुणी त्यांना रोप विकताना असं काही बोललं नसावं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. चहा झाला, मुलाच्या लग्नाचा विषय झाला, उठता उठता म्हणाले, "उद्या करवत घेऊन या."

रविवारी सकाळी करवत यायच्या आधी मामा-मामीला घेऊन मी मढीला गेले. तिसगावहून अगदी जवळ. होळीपासून पाडव्यापर्यंत इथे मोठी यात्रा भरते, गाढवांचा बाजारही प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मात्र गड निवांत होता. वर एक डाळिंबाचं झाड आहे. कानिफनाथांच्या शिष्या डालीबाई समाधीनंतर या झाडाच्या रूपाने प्रकटल्या अशी श्रद्धा आहे, आणि लोक त्याला नाडा बांधून नवस बोलतात. मामा झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं नवस करतायत. खाली उतरताना म्हणाले, "ह्याला तेल्या कसा नाय आला?"

मामी म्हणाली, "तिथं तरी गप बसा."

परत येताना, गाडीत मागे बसून, मामा एकदम म्हणाले, "तुझी आई खोटं बोलली ना? साखर म्हणाली."

मी आरशात बघितलं. ते बाहेर बघत होते.

"गोणी भरताना मला माहीत होतं, थोडी आंबट हायेत. सगळी एकत्र भरली. म्हटलं, बघू काय म्हणती." थोडं थांबून, "ताई नगरच्या बाजारात असती तर बरं झालं असतं. सगळा माल खपला असता."

"मग तुम्ही तिला का नाही..."

"ती साखर म्हणाली तेव्हा मला लई बरं वाटलं, म्हणून."

मामी खिडकीकडे तोंड करून हसत होती.

दुपारी पहिलं झाड कापलं. ज्या झाडाखाली पाहुण्यांना उभं करून फोटो काढले होते, तेच. मामांनी स्वतः करवत धरली नाही. प्रत्येक झाडाची एक फांदी काकांनी तशीच ठेवली, नवे फुटवे येईपर्यंत मुळांना अन्न पोचावं म्हणून. कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची निळसर बोर्डो पेस्ट, खोडाला उन्हापासून चुन्याचा हात. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बागेत निळ्या टोपीचे पांढरे खुंट उभे होते. मामेभाऊ म्हणाला, प्लॉटचे दगड रोवल्यासारखं दिसतंय. त्यावर कुणी हसलं नाही.

पुढचं सगळं मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं. एप्रिलमध्ये खुंटांना झाडूसारखे फुटवे. मे महिन्यात शेततळ्याचा तळ, फोटोखाली काही न लिहिता. जूनमध्ये फुटवे विरळ करून झाडामागे चारच ठेवले. आणि नोव्हेंबरमध्ये काकांचा क्लोज-अप व्हिडिओ. सालीला इंग्रजी टीसारखी चीर, त्यात अंगठ्याच्या नखाएवढा डोळा, वर प्लॅस्टिकची पट्टी. एका डोळ्याला मिनिटभरही लागत नव्हतं. स्टॅण्डअप मीटिंग चालू असताना मी तो टेबलाखाली धरून तीनदा पाहिला.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. हिरवा डोळा म्हणजे लागला, तपकिरी म्हणजे गेला. मामांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. १५२ पैकी ११७. काकांनी ११७ चे पैसे घेतले. माझ्या बाल्कनीत अरेका पाम अजून आहे, चौथा, भोक असलेल्या कुंडीत. दोन नवी पानं आलीयत. आपली तेवढीच प्रगती.

३८ पैकी दोन झाडांवर एकही डोळा लागला नाही. काका पुढच्या वर्षी पुन्हा भरून देतो म्हणाले. पण ती दोन्ही मामीने मागून घेतली, लोणच्याला. पहिली बरणी संक्रांतीला कोथरूडला आली. आईने बोट बुडवून चाखलं आणि मामाला फोन लावला. "आंबट आहे रे दादा," ती म्हणाली, "चांगलंच आंबट आहे."